गाभ्यातली दहा इंचांची जागा

मित्रांनो, ला सेइबाच्या तेलक्षेत्रावरच्या जुन्या गोदामात कधी आलात, तर डाव्या हाताच्या तिसऱ्या फडताळाशी थांबा. तिथल्या वीस खोक्यांत मी निजलेला आहे. पहिल्या नजरेला तुम्ही मला जळाऊ लाकूड समजाल. रंग तसाच, करपलेल्या साखरेचा. जाडी तुमच्या मनगटाच्या दुप्पट. पण उचलायला जाल तर हात खाली ओढला जाईल, कारण मी दगड आहे. जमिनीच्या पोटातून गोल कापून काढलेला साठ फुटांचा दांडा, तीन-तीन फुटांचे तुकडे करून ठेवलेला. इथली माणसे मला गाभा म्हणतात.

माझ्या अकराव्या खोक्यात दहा इंचांची एक जागा आहे. तिची गोष्ट सांगावी असे फार दिवस मनात होते.

माझा जन्म नदीच्या हातचा. पाच कोटी वर्षांपूर्वी ती समुद्राकडे निघाली होती आणि वाटेत हातातले सांडत चालली होती. पूर आला की भरड वाळू सांडे, पूर ओसरला की मऊ गाळ. पण तिचा एक स्वभाव होता. भरडाची सवय लागली की ती काही वर्षे भरडच सांडत राही, मऊची लागली की मऊच. मग एकाएकी मन बदले. दिवसाचे जे, तेच वर्षाचे. वर्षाचे जे, तेच शंभर वर्षांचे. माझ्या अंगावरची नखाएवढी पट्टी पाहा आणि मग माझे साठ फूट पाहा, चढउताराची चाल एकच दिसेल.

वाळूवर वाळू आली, पुरावर आला पूर,
माझ्या बारीक रेघेत नदीचा मोठा सूर.

मग माझ्यावर डोंगराएवढे ओझे बसले. वाळूचा दगड झाला. खालून तेल चढत आले आणि कणाकणांमधल्या फटींत मुरले. मित्रांनो, तेल जमिनीखाली तळ्यासारखे साठलेले नसते. भिजलेल्या विटेत पाणी असते ना, तसे ते दगडात असते. भरड दगडातून ते सहज वाहते, बारीक दगडात रुतून बसते. या वाहू देण्याला इथे पाझर म्हणतात. माझ्या आयुष्यात माझी किंमत ठरली ती या एका शब्दावर.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली त्यांनी मला वर काढले. माराकायबो सरोवराच्या पूर्व काठावर सतरा नंबरची विहीर खोदत होते. खोदयंत्राच्या ब्रेकच्या दांड्यावर एदेसिओ प्रिएतो नावाचा खोदकामगार होता. तो डोळ्यांनी नव्हे, तळहाताने खोदायचा. खाली दगड मऊ की कठीण, ते त्याला दांड्याच्या थरथरीवरून कळे. पोकळ पाते माझ्याभोवती फिरत होते, अर्ध्या तासाला एक फूट, कुरकुरत. नऊ हजार चारशे बारा फुटांवर एदेसिओचा हात एकदम हलका झाला. पाते भसकन खाली गेले.

"धावलं रे," तो म्हणाला. "जनावर सुटलं."

क्षणभरात दहा इंच गेले आणि पुन्हा कुरकुर सुरू झाली. त्याने कुणाला फारसे काही सांगितले नाही. पण ते दहा इंच त्याच्या तळहातात राहिले.

वर आलो तेव्हा माझे कौतुक पाहायला हवे होते. माणसांनी मला हुंगले. एकाने जीभ लावून पाहिली. मला धुतले, माझ्या अंगावर दोन उभ्या रेघा ओढल्या, लाल उजवीकडे, काळी डावीकडे, म्हणजे उद्या कुणी खोक्यात ठेवताना माझे डोके आणि पाय उलटे करू नये. साहेब लोक आले. माझ्यातल्या ज्या जागा दिसायला चांगल्या, सपाट, ठिसूळ नसलेल्या, तेवढ्याच कापून त्यांचा पाझर मोजला. खडबडीत जागांना कुणी हात लावला नाही. मग खोकी बंद झाली आणि मी या फडताळात आलो.

गोदामाचा राखणदार एउदो चिरिनोस. उंच, वाकलेला, चष्मा कायम कपाळावर. पत्र्याच्या छपराखाली दुपारी भट्टी पेटल्यासारखे होई, तरी तो सदऱ्याचे वरचे बटण कधी सोडत नसे. गोदामाच्या वहीत एकही खाडाखोड नाही हा त्याचा अभिमान. "माझ्या वहीत माशीसुद्धा बसत नाही," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

आता इथली एक रीत सांगतो. ला सेइबात कुणी निवृत्त झाला की त्याच्या विहिरीच्या गाभ्यातला एक तुकडा कापून, घासून, लाखेचा थर देऊन त्याला भेट देत. खाली पितळेची पट्टी, तिच्यावर नाव. कागदावर या रीतीला परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. बहुतेक जण टोकाचा, तुटका तुकडा घेत. शहात्तर साली एदेसिओ निवृत्त झाला. तो गोदामात आला आणि एउदोला म्हणाला,

"कोम्पाद्रे, मला टोकाचा नको. जिथे जनावर सुटलं होतं, तो दे."

कोम्पाद्रे म्हणजे कोण, ते इथे पोरालाही ठाऊक असते. एदेसिओच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एउदोने हातावर धरले होते. त्या दिवसापासून ते दोघे भावाहून जवळचे. एउदोने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग करवत घेतली आणि गुणगुणू लागला,

सरोवरा, तुझं पाणी गोड की खारं सांग,
मित्र माझा घरी चालला, मागे विहिरींची रांग.

करवत दोनदा फिरली. माझे दहा इंच गेले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दगडाला दुखत नाही. पण वरचा कण खालच्या कणाला पाच कोटी वर्षे टेकून होता, तो आता कशाला टेकणार, एवढेच वाटले. एउदोने फळीचा एक तुकडा तासून माझ्याच जाडीचा लाकडी ठोकळा केला आणि त्या जागी बसवला. ठोकळ्यावर काहीही लिहिले नाही.

पाच वर्षांनी वरून हुकूम आला. प्रत्येक गाभ्याचा पाझर दर दोन इंचांवर मोजायचा आणि वहीत लिहायचा. एउदोने मोजमापाच्या यंत्राची नळी माझ्या अंगावर टेकवत टेकवत सतरा दिवस काम केले. आकडे लिहिले. दहा इंचांच्या जागी पाच आकडे हवे होते, आणि तिथे लाकूड होते. त्याने पेन खाली ठेवले. पुन्हा उचलले. वरचा आकडा पाहिला, खालचा पाहिला, आणि मध्ये सारख्या उंचीच्या पाच पायऱ्या बांधल्या.

वहीत खाडाखोड झाली नाही.

त्यानंतर मी विसरला गेलो. खोक्यांवर धूळ बसली, एका कोपऱ्यात मांजर व्याली, दोनदा छप्पर गळले. माझ्या काळ्या-लाल रेघा पुसट झाल्या. मला वाटले, संपले माझे काम.

एकोणनव्वद साली एग्ला उर्दानेता आली. चौतिशीची भूगर्भतज्ज्ञ, केस आखूड, बोलणे त्याहून आखूड. तिच्या हातात पट्ट्यापट्ट्यांच्या लांब कागदाची गुंडाळी होती, आणि मनात एक धास्ती होती. ती धास्ती कसली, ते आधी सांगतो.

ला सेइबाच्या विहिरी थकल्या होत्या. मुख्य साहेब नेरिओ विल्यास्मिल यांनी ठरवले होते की सतरा नंबरमधून पाणी खाली सोडायचे. पाणी दगडातले तेल पुढे ढकलेल आणि ते आजूबाजूच्या नऊ विहिरींतून वर येईल. त्यांच्या भिंतीवर नकाशा होता. सतराचा आकडा इथे, शेजारच्या एकवीस नंबरच्या विहिरीचा तिथे, मध्ये सरळ, गुळगुळीत उतार. त्या नकाशाप्रमाणे पाणी सगळीकडून सारखे पुढे सरकणार आणि अकरा महिन्यांनी एकवीसपाशी पोचणार होते.

एग्लाला तो गुळगुळीतपणा खुपत होता. दोन विहिरींच्या मध्ये काय आहे ते कुणी पाहिलेले नाही, मग तिथे सरळ रेषा का असावी? तिने एक वेगळी रीत शिकून घेतली होती. गाभ्यातले आकडे घ्यायचे, त्यांच्या चढउताराचा स्वभाव मोजायचा, इंचात किती, फुटात किती, पन्नास फुटांत किती. तो स्वभाव सगळ्या मापांवर सारखा निघाला, की त्याच स्वभावाची चित्रे संगणकाकडून काढून घ्यायची. एक नव्हे, तीस. प्रत्येक चित्र वेगळे, पण सगळी एकाच हातची. मग प्रत्येक चित्रात पाणी सोडून पाहायचे. मला हे ऐकून हसू आले. माझ्या नदीची ओळख एवढ्या वर्षांनी कुणाला तरी पटली होती.

तिला भीती होती ती अशी. मध्ये कुठे भरड पट्टा असला, तर पाणी त्यातूनच धावेल. एकदा वाट पडली की पाणी दुसरी वाट धरत नाही. एकवीस बुडेल, म्हणजे तेलाऐवजी पाणीच देऊ लागेल, मग तिच्या शेजारच्या विहिरी. बारीक दगडातले तेल मागे राहील, आणि ते पुन्हा कधीही हाती येणार नाही. पण तिच्या चित्रांतून तसा पट्टा ठळक निघत नव्हता आणि साहेब म्हणत होते, "तुमचा संगणक थरथरतो, दगड नाही. गाभ्यात असा भरड थर दाखवा. गुरुवारी बैठक आहे. नाही दाखवलात तर शुक्रवारी पाणी सुटेल आणि तुम्ही जुन्या फायली लावायला जाल."

तर सोमवारी सकाळी ती गोदामात आली आणि एउदोच्या टेबलावर कागद पसरला.

"एउदो, हे बघा जरा."

"चष्मा नाही माझा."

"कपाळावर आहे."

त्याने चष्मा खाली ओढला. कागदावर माझी रेघ होती, साठ फुटांची, करवतीच्या दातांसारखी. तिने एका जागी बोट ठेवले.

"हे पाच आकडे बघा. वर बघा, खाली बघा. दर दोन इंचांना हा दगड मन बदलतो. आणि या पाच जागी मात्र पायरी-पायरीने उतरतो, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखा. दगड इतका सरळ बोलत नाही."

"असतात एखादे दगड शहाणे."

"सतरा नंबरच्या घराण्यात नाहीत. अकरावं खोकं काढता?"

"ते खाली आहे. मांजर बसलीय त्याच्यावर."

"मांजरीला मी उठवते."

मित्रांनो, झाकण उघडले तेव्हा आठ वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. एग्ला वाकली. तिचे बोट माझ्यावरून सरकत आले आणि ठोकळ्यावर थांबले. तिने नखाने टकटक केली.

"हे लाकूड आहे."

"माहीत आहे," एउदो म्हणाला. "मीच तासलंय."

छपरावर एक पेलिकन धपकन उतरला आणि पत्रा वाजला. मग एउदो खुर्चीवर बसला आणि त्याने सगळे सांगितले, करवतीचे आणि वहीचेही. बोलताना त्याने सदऱ्याचे वरचे बटण सोडले. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"जागा मोकळी का नाही ठेवलीत?" एग्लाने विचारले. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मोकळी ओळ दिसली असती तर कुणीतरी विचारलं असतं. तुकडा एदेसिओच्या घरी आहे हे निघालं असतं. ते लोक उठून त्याच्या दारात गेले असते." त्याने चष्मा पुसला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, वर हा आकडा, खाली तो आकडा, मध्ये दगड असाच उतरत गेला असणार. दुसरं काय करणार तो?"

एग्ला खिन्नपणे हसली. "साहेबांच्या भिंतीवर तेच आहे, एउदो. सतरापासून एकवीसपर्यंत तुमच्याच पायऱ्या. फक्त लांब."

एउदोने मान खाली घातली. "वर्षभराने मी निवृत्त होतोय. वही बघून ते काय म्हणतील?"

"ते नंतर बघू. आधी सांगा, तुकडा अजून आहे का?"

"एदेसिओ सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोकडे, नेर्वाकडे असेल." त्याने खोक्याचे झाकण बंद केले. "मातीला गेलो होतो. त्यानंतर त्या घरी पाऊल टाकलं नाही. दगड समोर दिसला असता ना."

पुढचे मला माझ्या तुकड्याने नंतर सांगितले. तसेच्या तसे तुम्हाला सांगतो.

नेर्वा स्वयंपाकघरात हिरवी केळी तळत होती. इकडे अख्खे केळे तळायचे, दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे, आणि त्याच्यावर किसलेले खारे चीज आणि लसणीचा रस्सा घालायचा. चपटे करायला तिच्या हातात होता माझा तुकडा. पितळेची पट्टी तशीच होती, लाखेचा थर तेलाने आणखी काळा झाला होता. ती त्याला कापडात गुंडाळून लाटण्यासारखा फिरवत होती.

दारात एउदोला पाहून तिने हात थांबवला नाही.

"या. सहा वर्षांनी वाट सापडली वाटतं."

"कोमाद्रे," तो म्हणाला. धर्ममुलीच्या आईला इथे तसे म्हणतात.

"आणि ही कोण? तुझी नवी बायको म्हणू नकोस, मला हसायचा कंटाळा आलाय."

एग्लाने आपले नाव सांगितले, काम सांगितले, आणि तो दगड मागितला. एकदाच, सरळ. नेर्वाने केळे कढईत सोडले.

"नवरा देवाने नेला. दगड न्यायला तुम्ही आलात." तिने तेलाचे हात पुसले. "तो रोज सकाळी हा हातात घ्यायचा. म्हणायचा, माझ्या सगळ्या आयुष्यात दहा इंच खरे धावले, ते हे. तो गेला तसा मी याला इथे आणला. कपाटात ठेवला असता तर त्याच्यासारखाच गप्प झाला असता. आणि आता केळी मी काय कपाळावर चेपू?"

"एकवीस नंबर बुडेल, सिन्योरा," एग्ला म्हणाली.

नेर्वा वळली. "एकवीसवर माझा जावई आहे."

"माहीत आहे."

"माझ्या धर्ममुलीचा नवरा," एउदो म्हणाला. मग तो पुढे झाला. "नेर्वा, ऐक. मी याला आडवा नाही कापत. उभा चिरतो. गाभे तसेच चिरायचे असतात, अर्धा मोजायला आणि अर्धा जपायला. पट्टीकडचा अर्धा तुझा. याला आता सपाट तोंड येईल, दहा इंच लांब. आज केळं तुझ्या हाताखालून एका बाजूला पळतंय, ते एका दाबात चपटं होईल. वर ताजी लाख देतो."

नेर्वाने दगडाकडे पाहिले, मग ताटातल्या वाकड्यातिकड्या केळ्याकडे.

"हे तुला तेरा वर्षांपूर्वी सुचायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "बसा आधी. दोघंही वाळलात. खाऊन मग न्या."

बुधवारी माझा तुकडा गोदामात परत आला. एउदोने त्याला पाणी सोडत सोडत उभा चिरला, आणि त्या दिवशी तो गुणगुणला नाही. आतला दगड उघडा पडला. भरड, गोल, मिरीएवढे कण, त्यांच्या मधल्या फटी डोळ्यांना दिसतील एवढ्या. माझ्या वरच्या आणि खालच्या भागाहून त्याचा पाझर चाळीस पट निघाला. एग्लाने एउदोचे पाच आकडे काढून पाच खरे आकडे घातले. संगणक रात्रभर चालला आणि नवी तीस चित्रे निघाली.

गुरुवारच्या बैठकीची हकिकत मला ठाऊक आहे, कारण माझाही एक अंगठ्याएवढा भाग तिथे गेला होता. एग्लाने दोन छोटे गोल तुकडे नेले, एक माझ्यातला आणि एक त्या दहा इंचांतला. धुऊन साफ केलेले, रबरी नळीत घट्ट बसवलेले. शिवाय चिरलेला अर्धा भाग तसाच टेबलावर ठेवला. विल्यास्मिल साहेबांनी तो उचलला आणि नाकाशी नेला.

"याला लसणीचा वास का येतोय?"

"मोठी हकिकत आहे, साहेब. आधी हे धरा. नळीचं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडवा आणि फुंका."

साहेब तसे भले माणूस. त्यांनी पहिली नळी तोंडाला लावली. गाल फुगले, कान लाल झाले, पाण्यात काही हलले नाही. टेबलाभोवतीची माणसे खाली बघू लागली. दुसरी नळी त्यांनी त्याच जोराने फुंकली. ग्लासातून बुडबुडे उसळले आणि पाणी त्यांच्या टायवर उडाले.

कुणीतरी खोकला काढून हसू झाकले. साहेबांनी टाय पुसला.

"ठीक. दहा इंच असे आहेत. पण हा थर एकवीसपर्यंत जातो कशावरून? दहा पावलांवर संपतही असेल."

"असेल," एग्ला म्हणाली. "मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. मला मजकूर माहीत नाही, साहेब, अक्षर माहीत आहे. त्या अक्षरात मी तीस पत्रं लिहून पाहिली. बावीस पत्रांत पाणी दोन महिन्यांच्या आत एकवीसला पोचतं. आठांत पोचत नाही. तुमचा नकाशा एकच पत्र आहे, आणि ते कुणाच्याच अक्षरात नाही."

साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे वळले.

"हे दहा इंच वहीत का नव्हते?"

एउदो दाराशी उभा होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "वहीतले पाच आकडे मी बनवलेत. लिहून आणलंय."

आणि त्याने सही केलेला कागद टेबलावर ठेवला.

शुक्रवारी पाणी सुटले, पण थोडेसेच, खुणेचा रंग घातलेले. रोज सकाळी एकवीसवर नेर्वाचा जावई बाटलीत नमुना भरून उजेडात धरायचा. गुळगुळीत नकाशाप्रमाणे रंग अकरा महिन्यांनी दिसायचा होता. तो त्रेपन्नाव्या दिवशी दिसला.

साहेबांनी स्वतः गोदामात येऊन ते सांगितले. मग सतरा नंबरमधला तो भरड थर सिमेंटने बुजवला आणि पाणी त्याच्या खालच्या, सावकाश चालणाऱ्या दगडात सोडले. एकवीस वाचली. सगळे तेल आले असे नाही. नऊपैकी दोन विहिरी पुढे बुडाल्याच. त्या बुडणाऱ्या विहिरी एग्लाच्या चित्रांत धड दिसल्या नव्हत्या, आणि तिने ते लपवले नाही. तिसऱ्या फडताळाशी बसून तिने नवी चित्रे काढायला घेतली. फायली लावायला तिला कुणी पाठवले नाही.

एउदोला ताकीद मिळाली, कागदावर, शिक्क्यानिशी. आणखी एक हुकूम झाला. पाच आकडे त्यानेच खोडायचे, पण वाचता येतील असे, आणि शेजारी खरे आकडे लाल शाईने लिहायचे. तीस वर्षांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. लिहून झाल्यावर त्याने शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली, आणि खरोखरच एक माशी येऊन त्या पानावर बसली. त्याने तिला हाकलले नाही.

माझा अर्धा तुकडा माझ्या जागी परत आला. दुसरा अर्धा नेर्वाच्या ओट्यावर आहे, आणि म्हणतात की तिच्या केळ्यांइतकी सारखी चपटी केळी त्या गल्लीत कुणाची होत नाहीत. दमट दिवशी माझ्या अकराव्या खोक्यातून अजून लसणीचा वास येतो. मांजर तिथेच बसते.

मित्रांनो, आता मी पुन्हा जुना झालो आहे. गोदामाला माणसे कमी येतात, छप्पर पुन्हा गळते. तुमच्या गावात माझ्यासारखे गाभे नसतील, पण एखादी जुनी वही असेल, फुटकी पाटी असेल, कुणी जपून ठेवलेला काही खडबडीत ऐवज असेल. त्यातला देखणा भाग तेवढा उचलून नेऊ नका, आणि नकोसा वाटणारा घासून गुळगुळीत करू नका. एखादी जागा हरवली असेल तर तिथे हरवली म्हणून लिहा. मोकळ्या जागेला विचारता येते, तुकडा कुठे गेला. भरलेल्या जागेला कुणी विचारत नाही. मला तेरा वर्षे कुणी विचारले नाही.

वर्षभराने एउदो निवृत्त झाला. निरोपाला गोदामातच माणसे जमली, नेर्वा केळी घेऊन आली. रीतीप्रमाणे विल्यास्मिल साहेबांनी विचारले, कुठल्या विहिरीचा तुकडा कापायचा? या वेळी वहीत नोंद करून, हेही म्हणाले.

"दगड नको," एउदो म्हणाला. "तो लाकडाचा ठोकळा द्या."

एग्लाने तो आधीच घासून ठेवला होता. लाख नव्हती, पितळेची पट्टी नव्हती. काळ्या शाईने फक्त खोली लिहिली होती, नऊ हजार चारशे बारा, आणि खाली दोन शब्द, 'इथे नाही'.

एउदोने चष्मा कपाळावरून खाली ओढला, ते वाचले, आणि ठोकळा काखेत घालून तो घरी गेला.